दोन पंचवीसला थांबणारं मशीन

आधी माफी मागतो. या ग्रुपवर लिहिणारे बहुतेक जण माझ्यापेक्षा मोठे आणि लिहायची सवय असलेले. मी दोन वर्षं नुसता वाचतोय, कमेंटसुद्धा करत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि मराठीत एवढं लांब मी शेवटचं दहावीच्या पेपरात लिहिलं असेल. मी कोण लागून गेलो की माझा अनुभव तुम्ही वाचावा... पण कुठे तरी सांगायलाच हवं. दुसरी माफी आगाऊच — या पोस्टमध्ये भीती कमी आणि राग जास्त आहे. अ‍ॅडमिनना वाटलं की इथे बसत नाही तर काढून टाका, माझी तक्रार नाही.

मी असल्या गोष्टी कधी मानल्या नाहीत. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मशीन चुकीचं वागलं तर कारण असतंच, आपल्याला सापडत नाही ही गोष्ट वेगळी. हे मी आजही म्हणतो. फक्त आधी ठासून म्हणायचो.

पहिल्यांदा माझ्या बाबांचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. राहतो वाशीजवळच्या बोनकोडे गावात, भाड्याच्या खोलीत. बाबा आता एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. पण मी दीड वर्षाचा होईपर्यंत ते तुर्भ्याला एका कंपनीत पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते. पत्रा दाबून त्याचे भाग काढायचं मशीन. त्याला कॉम्प्युटरचा पॅनल होता आणि पुढे जाळीचा दरवाजा — सगळे त्याला गेट म्हणायचे. गेट उघडं असेल तर प्रेस खाली येत नाही, अशी सोय. फक्त मशीन मॅन्युअलवर टाकलं, की ही सोय बंद. मॅन्युअलवर टाकायला किल्ली लागायची.

एका दुपारी पत्रा अडकला. बाबांनी प्रेस थांबवला, गेट उघडलं आणि फिटरला बोलवायला शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्यांचे जोडीदार नामदेव म्हात्रे, उरणजवळच्या जासईचे, आत वाकून पत्रा काढत होते. बाबा परत येईपर्यंत प्रेस खाली आला होता. नामदेवकाका दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मग गेले.

बाबांची एक चूक झाली होती. मशीन सोडून जाताना किल्ली काढून खिशात घालायची असा नियम, आणि घाईत ती त्यांनी पॅनललाच ठेवली. सुपरवायझर साहेबांनी कागद पुढे केला — ऑपरेटरने मशीन मॅन्युअलवर सोडलं, त्यामुळे अपघात. म्हणाले, "सही कर, नुसती प्रोसिजर आहे. तू सही केली नाहीस तर नामदेवच्या घरच्यांना काहीच मिळणार नाही." बाबांनी सही केली. महिन्याभरात कामावरून काढलं. नामदेवकाकांच्या दिवसांना जासईला गेले तर तिथल्या लोकांनी दारातून परत पाठवलं. त्यानंतर एकोणीस वर्षं बाबा त्या बाजूला गेलेले नाहीत. उरणकडे जाणाऱ्या एसटीत कुणी ओळखीचं दिसलं तर रस्त्याची बाजू बदलतात. मी पाहिलंय.

पण माझा राग त्याहून वेगळ्या गोष्टीचा आहे. मी दहावीत असताना बाबांना एकदाच विचारलं होतं, तुम्ही खरंच मॅन्युअलवर टाकलं होतं का. बाबा म्हणाले, "न्हाय टाकलं. निदान मला तरी तसं आठवतंय." आणि मग, "पर आता काय सांगावं... टाकलंबी आसंल." म्हणजे त्या कागदाने माणसाला स्वतःच्या आठवणीवरसुद्धा विश्वास ठेवू दिला नाही. मला तेवढंच एक हवं होतं — बाबांनी कधी तरी ठामपणे म्हणावं की मी केलं नाही.

आता प्रोजेक्टचं सांगतो.

आमच्या सरांनी विषय दिला होता, नवे लिनक्स कर्नल जुन्या हार्डवेअरवर चालतात का ते तपासायचं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मशीनच्या भागांशी बोलणारा. ४८६ सारख्या जुन्या प्रोसेसरना नव्या कर्नलमधून वगळायची चर्चा चालू आहे, आणि आपल्याकडे कित्येक कारखान्यांत अजून तसले डबे चालतायत. म्हणून सरांना यात रस होता. माझी पार्टनर स्नेहा. ती वाशीची, तोंडाची फटकळ, पण कामाला माझ्यापेक्षा चोख.

जुनं मशीन मीच शोधलं. तुर्भ्याला भंगारवाल्यांच्या गाळ्यांमध्ये दोन दिवस फिरलो. एकाकडे लोखंडी डब्यातला इंडस्ट्रियल कॉम्प्युटर मिळाला, ४८६, बत्तीस एमबी रॅम. "कुठल्या कंपनीचा?" विचारलं तर म्हणाला, "बंद पडलेल्या शेडचा माल आहे, दहा हात फिरून आलाय. तुला चालवायचाय की लग्न करायचंय त्याच्याशी?"

असं मशीन हातात आलं की सगळे टेस्टर पहिलं काम एकच करतात — बोर्डवरची घड्याळाची बॅटरी कापून टाकायची. ती गळते आणि बोर्ड खाते. आम्हीही कापली. हे लक्षात ठेवा. बॅटरी नाही म्हणजे त्या मशीनला वेळ कळत नाही. दर वेळी चालू केलं की त्याचं घड्याळ त्याच एका जुन्या तारखेपासून सुरू होतं. कंपनीचा मूळ प्रोग्रॅम ज्या मेमरी कार्डवर असतो ते कार्डही नव्हतंच, स्लॉट रिकामा होता. हार्ड डिस्कच्या जागी आम्ही आमचं नवं कोरं फ्लॅश कार्ड लावलं. मॉनिटर नव्हता. सिरियल पोर्टमधून केबल काढून माझ्या लॅपटॉपला जोडली, मशीन जे काही बोलेल ते लॅपटॉपवर दिसायचं आणि फाईलमध्ये साठायचं.

जुना कर्नल व्यवस्थित चालला. नवा कधी चालायचा, कधी मध्येच गोठायचा. मग आम्ही नेहमीची पद्धत सुरू केली. चालणारं एक व्हर्जन आणि गोठणारं एक व्हर्जन घ्यायचं, त्यांच्या बरोबर मधलं बनवून मशीनवर लावायचं आणि दोन तास चालू द्यायचं. 'चांगलं' की 'वाईट' ते लिहायचं. मग उरलेल्याच्या मधलं. अर्धं अर्धं करत शेवटी एकच बदल हातात राहतो आणि तो ज्याने केला त्याचं नाव समोर येतं. दोष त्याचा.

आम्हाला दोन आठवडे लागले. शेवटी नाव आलं ते अशा कुणाचं, ज्याने कुठल्या तरी कॅमेऱ्याच्या ड्रायव्हर प्रोग्रॅममध्ये, नुसत्या माहितीसाठी लिहिलेल्या टिपेतलं एक स्पेलिंग सुधारलं होतं. ती फाईल आमच्या कर्नलमध्ये येतसुद्धा नव्हती.

स्नेहा म्हणाली, "ह्या बिचाऱ्याला पकडून फाशी देऊ या. स्पेलिंग सुधारलं म्हणून ४८६ मेला."

"परत करू," मी म्हटलं.

"परत? पवार, माझं लग्न ठरेल तोपर्यंत."

परत केलं. या वेळी दुसरंच नाव आलं, तेही तितकंच निर्दोष. सर चिडले. "नोंदी नीट ठेवता की नाही? टेस्टिंग आहे, लॉटरी नाही."

नोंदी आम्ही ठेवल्या होत्या, स्नेहाच्या वहीत — कर्नल कुठला, चालू कधी केला, बंद कधी केला. ती वही घेऊन ती एका दुपारी लॅबमध्ये बसली होती. एकदम म्हणाली, "ए, इकडे ये. सकाळी टेस्ट केलेले सगळे चांगले आहेत."

"मग?"

"संध्याकाळचे पण सगळे चांगले. फक्त जेवणानंतरच्या प्रॅक्टिकलला लावलेले वाईट. सगळेच्या सगळे."

कर्नलचा संबंधच नव्हता. आम्ही जुना, शंभर वेळा चाललेला कर्नल लावला आणि समोर बसून राहिलो. लॅपटॉपच्या घड्याळात दुपारचे दोन पंचवीस झाले आणि मशीन गोठलं. दुसऱ्या दिवशी परत दोन पंचवीस. तिसऱ्या दिवशी मुद्दाम दोन वीसला चालू केलं — पाच मिनिटांत गोठलं. म्हणजे चालू करून किती वेळ झाला याचाही संबंध नव्हता. बॅटरी नसलेल्या, वेळ न कळणाऱ्या मशीनला दोन पंचवीस कळत होते.

सर म्हणाले व्होल्टेज डिप असेल, बाजूच्या शेडमध्ये त्या वेळी काही तरी मोठं चालू होत असेल. बरोबर शंका होती. त्याच विजेच्या बोर्डवर दुसरा जुना पीसी लावला. तो चालू राहिला, आमचा गोठला. यूपीएसवर लावला, तरी गोठला.

तोपर्यंत आम्ही एक गोष्ट करत होतो. गोठलं की लगेच बटण बंद करायचं, कारण पुढची टेस्ट लावायची घाई. असंच एके दिवशी स्नेहा चहा आणायला गेली होती आणि मी तसाच बसून राहिलो. मिनिटभर काही नाही. मग मेलेल्या मशीनच्या सिरियल पोर्टमधून लॅपटॉपवर अक्षरं यायला लागली. इंग्रजी, कॅपिटल, एकेक ओळ.

गेट ओपन.
गेट ओपन.
गेट ओपन.
मॅन्युअल — की टू.

बस. त्यानंतर काही नाही.

स्नेहा चहा घेऊन आली, वाचलं, म्हणाली, "कोण मस्करी करतंय?" आम्ही नेट बंद केलं, तिचा लॅपटॉप लावला, केबल बदलली. पुढच्या दिवशी तेच, त्याच चार ओळी. मशीन सुरू करणारी बायॉसची चिप काढून तिच्यातला बाइट न् बाइट वाचला, तिथे या ओळी नव्हत्या. आमच्या कर्नलमध्ये शोधल्या. फ्लॅश कार्डवर शोधल्या. कुठेच नाहीत. ते मशीन स्वतःकडे नसलेली गोष्ट बोलत होतं. आठ दिवस, आठ लॉग, म्हणजे त्या साठलेल्या फाइल्स. सगळे माझ्याकडे आहेत.

खरं सांगतो, या क्षणापर्यंत मला बाबा आठवले नव्हते. गेट म्हटलं की मला इलेक्ट्रॉनिक्समधलं गेट आठवतं. आणि त्या अपघाताची नेमकी वेळ मला कुणी कधी सांगितलीच नव्हती.

बाबा ड्युटीवरून सकाळी साडेआठला येतात. आंघोळ, चहा-चपाती, आणि झोप. त्या सकाळी मी चहा पिताना गंमत म्हणून सांगत होतो की आमचं मशीन रोज दोन पंचवीसला थांबतं. बाबांनी चपाती खाली ठेवली.

"किती वाजता म्हनालास?"

"दोन पंचवीस."

"आन मंग?"

"मग लिहून येतं. गेट ओपन, तीनदा. मग मॅन्युअल, की टू."

आई ओट्यापाशी होती, तिने गॅस बारीक केला. बाबांनी विचारलं, "दोन? दोन नंबर म्हनतंय? एक न्हाय?"

"दोन. का?"

"माझी किल्ली एक नंबरची हुती," बाबा म्हणाले. "ऑपरेटरची एक नंबर. दोन नंबर सायबाच्या कमरंला आसायची, तिचं भोक निराळं. ती म्या कधी हातातबी घेतली न्हाय."

आईने गॅस बंद केला. मग बाबांनीच विचारलं, "मला बघाया मिळंल का? इतरांनी सांगून न्हाय. डोळ्यानं."

गुरुवारी त्यांची सुट्टी असते. ठरलं.

आणि इथे मी ती चूक केली, जिच्याबद्दल मी आजपर्यंत स्वतःला माफ केलेलं नाही. बाबा पहिल्यांदा माझ्या कॉलेजात येणार होते. मला वाटलं, भंगारातला मळका डबा त्यांच्यापुढे काय ठेवायचा. मुलगा काय काम करतो ते जरा नीट दिसावं. बुधवारी संध्याकाळी मी आयसोप्रोपिल स्पिरिटची बाटली आणि टूथब्रश घेऊन बसलो. बोर्ड धुतला, डबा घासला. डब्याच्या एका बाजूला वेल्डिंग केलेला छोटा हूक होता आणि त्याच्या भोवती तांबूस, जाड, थरावर थर बसलेला डाग. गंज समजून मी तो घासला. बराच वेळ गेला निघायला. खाली चकचकीत पत्रा आला तेव्हा मला बरं वाटलं.

गुरुवारी बाबा एक वाजताच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. गेटवरच्या वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. रोज दुसऱ्यांना रजिस्टर पुढे करणाऱ्या बाबांनी वळणदार अक्षरात लिहिलं — भेटीचं कारण : मुलाचं यंत्र बघणे.

लॅबमध्ये आल्यावर त्यांनी चप्पल दाराशी काढली. मी नको म्हणेपर्यंत काढलीच. मग डब्याकडे गेले, भोवती फिरले आणि हुकावर बोट ठेवून थांबले.

"ह्यो म्या वेल्डिंग केलाय," बाबा म्हणाले. "दसऱ्याला हार अडकवाया. आमी दर दसऱ्याला पॅनलची पूजा करायचो. हळद-कुंकू इथंच लावायचो, हुकाच्या भवती. माझ्या मागनंबी पोरं लावत आसतील." मग माझ्याकडे बघून, "कुंकू कुठं गेलं रं?"

स्नेहा माझ्याकडे बघत होती.

"मी पुसलं, बाबा. गंज वाटला."

"बरं, आसूंदे," बाबा म्हणाले. "बसतो मी."

दोन पंचवीस झाले. मशीन चालू राहिलं. अडीच झाले. कर्नलच्या ओळी नेहमीसारख्या येत राहिल्या. तीन झाले. बाबा खुर्चीच्या कडेला बसून लॅपटॉपकडे बघत होते, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही तरी बघत होते. चार वाजता लॅब असिस्टंट कुलूप घेऊन आला.

मी त्यांना आधीचे लॉग दाखवले, वाचून दाखवले. स्नेहाने सांगितलं, "काका, मी स्वतः बघितलंय, खोटं नाही." बाबांनी मान हलवली. बस स्टॉपवर आल्यावर मला म्हणाले, "संकेत, राग मानू नगंस. तू मला बरं वाटावं म्हनून तर न्हाय ना लिवलंस त्ये?"

मी त्या दिवशी बाबांवर ओरडलो. बस स्टॉपवर, लोकांसमोर. मी काय ओरडलो ते इथे लिहिणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. ते एवढंच म्हणाले की कागदावर काय बी लिवता येतंय, म्या बघितलंय.

त्यानंतर ते मशीन एकदाही गोठलं नाही. आम्ही महिनाभर रोज दुपारी लावलं. कुठलाही कर्नल लावा, मस्त चालतं. सर खूश झाले. रिपोर्टमध्ये त्यांनी लिहायला लावलं — बोर्डवर धूळ व ओलावा असल्याने बिघाड, स्वच्छ केल्यावर दूर झाला. मी म्हटलं, सर, धूळ इंग्रजीत लिहीत नाही. ते म्हणाले, "पवार, मार्क हवेत की भूत हवंय?" मी सही केली. पवारांच्या घरात आता अशा दोन सह्या झाल्या.

माझा राग मला कुठे ठेवावा कळेना. ते साहेब तीन वर्षांपूर्वी वारले, बाबांनीच सांगितलं. कंपनी बंद, शेडच्या जागी गोडाऊन. ज्याची कॉलर धरावी असं कुणी शिल्लक नव्हतं. मग मी एक करायला नको होतं ते केलं. आठही लॉगची प्रिंट काढली, मराठीत खाली अर्थ आणि माझा नंबर लिहिला आणि बाबांना न सांगता जासईला गेलो.

गावात घर विचारत पोहोचलो. कंटेनर यार्डाचे ट्रेलर अगदी दारावरून जात होते. नामदेवकाकांचा मुलगा महेश अंगणात बाईक धूत होता. तिशीचा असेल. तो त्याच मालकाच्या दुसऱ्या युनिटला कामाला आहे, एवढं मला माहीत होतं. बापाच्या जागी मुलाला घेतलं, सगळे मालकाला चांगला म्हणायचे. मागे ओटीवर त्याची आई, हिराकाकी, वाल सोलत बसली होती.

मी नाव सांगितलं. महेशने पाण्याचा पाइप खाली टाकला.

"दत्ता पवारचा पोरगा? कनाला आलास?"

मी सांगायचा प्रयत्न केला. अडखळत सांगितलं, मला बोलता येत नाही राग आला की. त्याने प्रिंट हातात घेतली आणि वाचली.

"यो काय हाय? कॉम्प्युटर बोल्ला?" तो हसला नाही. "माजा बापूस मेला तवा मी अकरा वर्साचा होतू. तुमी आता शिकलाव, म्हनून कागद छापून आनलास. तुज्या बापसाला सांग, सोता यायची हिंमत नाय तं पोराला कनाला पाठवतोस."

"त्यांना माहीत नाही मी आलोय."

"मंग जा आता. गाडी लागंल ट्रेलरची."

त्याने कागद चुरगळून अंगणात टाकले. मी हिराकाकीकडे बघितलं. ती वाल सोलतच होती, मान वर केली नाही. मला वाटलं, निदान एकदा बघेल. नाही बघितलं. बसमध्ये मी ठरवलं की त्या माणसांचा पण राग करायचा. केलासुद्धा.

आता स्पष्टीकरणाचं. मी सगळं करून बघितलंय. बोर्डवर ओलावा होता हे खरं असू शकतं, त्याने मशीन गोठू शकतं. पण घड्याळ नसताना वेळ कशी? ज्या ओळी मशीनमध्ये कुठेच साठवलेल्या नाहीत त्या आल्या कुठून? आणि तुर्भ्याच्या एवढ्या भंगारात माझ्याच हाताला तो डबा का लागावा? कुंकू पुसल्यामुळे थांबलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, एकाच वेळी मी बोर्डही धुतला होता, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा टेस्टिंगचा पहिला नियम मीच मोडला. त्यामुळे आता कधीच कळणार नाही. माझ्याकडे आठ टेक्स्ट फाइल्स आहेत, ज्या कुणीही पाच मिनिटांत टाइप करू शकतो. तुमच्यातले निम्मे तेच म्हणतील. म्हणा. माझे बाबासुद्धा तेच म्हणाले.

इथपर्यंत मी शनिवारी लिहिलं होतं, आणि पोस्ट इथेच संपणार होती. पाठवायचा धीर होत नव्हता म्हणून राहिली.

आज सकाळी अकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. बाबा ड्युटीवरून येऊन झोपले होते, म्हणून मी गॅलरीत जाऊन घेतला.

"पवार ना? मी महेश. जासईवरशी."

मला परत ऐकून घ्यायचं नव्हतं.

"तू गेल्यावर आईसने ते कागद गोला केलं," तो म्हणाला. "बाजूच्या पोरीकडून वाचून घेतलं. तवाधरशी नीट जेवली नाय. काल मना बसवलं नि सांगितलं." मागे ट्रेलरचा हॉर्न वाजत होता. "माजा बापूस हास्पिटलात दोन दिस शुद्धीवर होता. तिला बोल्ला होता. दत्ता नव्हता तिथं, सायबाने त्याचे चावीने चालू केला, माल लवकर काराचा म्हनून. त्याच सांजचे कंपनीची मानसं आली. तिला बोल्ली, तू गप रव, तुजा पोरगा मोठा जाला का त्याला कामाला घेव."

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर राग. एवढा की हातातला फोन फेकावासा वाटला. मी विचारलं, "म्हणजे काकींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पयल्या दिसापासून."

"एकोणीस वर्षं?"

"हां. नि मी दहा वर्सं ती नोकरी करताव." तो म्हणाला. "मना काल समाजलं ती कशाची होती. तुला काय बोलाचा तं बोल मना. पन आगोदर तुज्या बापसाला उठव. आईस इथंच बसलीय बाजूला. तिला त्याला सोता सांगाचाय."

मी आत गेलो आणि बाबांना उठवलं.